फोटोबरहुकूम

१

राखाडी खोलीत उतरलेल्या बाईंनी गादीचा पायथ्याकडचा कोपरा उचलला, खाली हात घातला, आणि हात रिकामाच बाहेर आला. तेव्हा सकाळचे दहा वाजून गेले होते. सव्वादहाला मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं आणि साडेदहाला चोर सापडलासुद्धा. एरवी याच मॅनेजरला एक बल्ब मागवायला आठवडा लागायचा.

हरवली होती एक वही. काळ्या पुठ्ठ्याची, तळहाताएवढी. "वहीच ना?" म्हणून मॅनेजर आधी हसला होता. मग बाईंनी पर्समधून ओळखपत्र काढून त्याच्यासमोर ठेवलं आणि हसणारं तोंड तसंच उघडं राहिलं. गुपचूप येऊन राहायचं आणि हॉटेलांना दर्जा द्यायचा, हे काम करणाऱ्या संस्थेच्या त्या परीक्षक होत्या. दोन दिवसांच्या सगळ्या नोंदी त्या वहीत होत्या. बारा वाजता त्यांची गाडी येणार होती. तोवर काय झालं ते मला कळलं पाहिजे, नाहीतर अहवालात 'पाहुण्याच्या खोलीत चोरी' एवढी एकच ओळ जाईल, असं त्यांनी आवाज न चढवता सांगितलं.

हॉटेल लहानसं होतं, पण मोठं नखरेल. मोठ्या शहराच्या ऐन मध्यात, दोन उंच इमारतींच्या बेचक्यात अकरा खोल्या. खोल्यांना नंबर नाहीत, रंग. दाराला कार्ड नाही, वीतभर लांबीची पितळी किल्ली. पाहुणा बाहेर निघाला की ती स्वागताच्या टेबलावर ठेवूनच जायचा, कारण खिशात घातली तर खिसा फाटेल. पाहुण्यांना या सगळ्याचं भारी कौतुक.

या अकरा खोल्यांची जी प्रमुख होती, तिला तोंडावर सगळे ताई म्हणत आणि पाठीमागे फौजदारीण. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. बावीस वर्षांत तिनं पाहुण्यांच्या अंगठ्या शोधून दिल्या होत्या, चष्मे शोधले होते, एकदा तर एका गृहस्थाची कवळी फुलदाणीतून काढून दिली होती. आरशावर उमटलेल्या बोटांवरून तो कुणी पुसला नाही हे ती सांगायची. म्हणून मॅनेजरचं बोलावणं आलं, तेव्हा आपल्याला चोर शोधायला बोलावलंय अशीच तिची समजूत झाली.

"चोर सापडलाय, ताई," मॅनेजर म्हणाला. "या कागदावर विभागप्रमुख म्हणून तुमची सही हवी. बस्स."

"कुणाचा कागद आहे?"

"तुमच्या घडीमावशीचा."

२

घडीमावशी म्हणजे खोल्या लावणाऱ्या बायकांतली सगळ्यांत जुनी. तिनं चादर अंथरली की सुरकुती शोधून दाखवावी लागे, म्हणून हे नाव. फौजदारीण आणि ती एकाच आठवड्यात कामाला लागल्या होत्या. पुढे एकीला हुद्दा मिळाला, दुसरीच्या हातात ट्रॉलीच राहिली. त्यावरून दोघींत कधी वाकडा शब्द गेला नव्हता. फौजदारिणीचा नवरा गेला तेव्हा तिची लेक सहा वर्षांची होती. शाळा सुटली की पोर थेट हॉटेलच्या मागच्या दारानं आत यायची, आणि तिच्या वेण्या घालायच्या, तिला भरवायचं, उशांच्या अभ्र्यांच्या ढिगाऱ्यावर तिला झोपवायचं, हे सगळं घडीमावशीनं केलं होतं.

"काय पुरावा आहे?" फौजदारिणीनं विचारलं.

"बाई आठ वाजता बाहेर पडल्या, दहाला आल्या. मधल्या वेळात खोली हिनं लावली. सगळ्या खोल्यांना लागणारी किल्ली हिच्याकडे. आणि वर कबूल करते की वही पाहिली होती!" मॅनेजरनं बोटांवर मोजत सांगितलं. "मी पोलिसांत देत नाहीये, राजीनामा घेतोय. तीन वर्षांत तशीही घरी बसणारच होती."

"वही मिळाली का तिच्याकडे?"

"घाबरून टाकली असेल कुठेतरी."

"मला साडेअकरापर्यंत वेळ द्या."

"साडेअकरा. एक मिनिट जास्त नाही." आणि दाराशी पोचेपर्यंत त्यानं पुढचं ऐकवलंच. "तुम्हाला हौसच आहे ना चौकशीची!"

राखाडी खोलीतल्या बाई खिडकीशी उभ्या होत्या. साठीच्या, बारीक, पायात झिजलेले बूट. खोलीत त्यांनी काही हलवलं नव्हतं, फक्त गादीचा पायथ्याकडचा उजवा कोपरा उचकटला होता. बाकी पलंग आरशासारखा. पांढरी चादर, दोन उभ्या उशा, त्यांच्यापुढे मधोमध मोहरी रंगाचं छोटं कुशन. फौजदारिणीची नजर त्यावरून एकदा गेली आणि परत तिथंच आली. काहीतरी खटकलं. पण काय, ते हाती लागेना.

"गादीखाली का ठेवलीत, बाई? तिजोरी आहे ना कपाटात."

"तिजोरीत ठेवलं की महत्त्वाचं आहे हे जगाला कळतं. तीस वर्षं गादीखालीच ठेवते."

"काही वाईट लिहिलं होतं का आमच्याबद्दल?"

बाई जरा हसल्या. "न्याहारी गार होती. मॅनेजर पाहुण्यांशी बोलताना घड्याळ बघतो. आल्या दिवशी खाली पाऊण तास उभी होते, माझ्यामागून आलेल्या झुळझुळीत जोडप्याला आधी खोली मिळाली. एकाच गोष्टीला पैकीच्या पैकी दिलेत. खोली. इतक्या नेटकेपणानं लावलेली खोली मी वर्षभरात पाहिली नाही. लावणाऱ्या बाईंचं नाव विचारून लिहायचं होतं."

ज्या वहीत मावशीचं नाव चढायचं होतं, त्याच वहीपायी मावशी चोर ठरली होती. "त्यांनीच घेतली असं साहेब म्हणतायत," ती म्हणाली.

"तुम्ही काय म्हणता?"

"मी म्हणते, नाही."

"मग सिद्ध करा," बाई म्हणाल्या. "मला चांगल्या माणसांवर विश्वास ठेवायला आवडतं. पण लिहिताना पुरावा लागतो."

३

लिननची खोली तळघरात होती. एका भिंतीला चादरींची कपाटं, दुसऱ्या भिंतीला अकरा फोटो. या हॉटेलात खोली लावायची ती फोटोबरहुकूम. फुलदाणी कुठे, दिवा कुठे, पुस्तकांची चळत किती, खुर्चीचं तोंड कुठल्या दिशेला, सगळं फोटोत. दोन बोटांचा फरक पडला तरी फौजदारीण खोली परत लावायला लावायची. राखाडी खोलीचा फोटो त्यांत नवा कोरा होता. सजावट करणाऱ्या बाईंनी सोमवारी येऊन दोन-चार खोल्यांत काहीबाही हलवाहलव केली होती.

घडीमावशी स्टुलावर बसून अभ्र्यांच्या घड्या घालत होती. नोकरी गेली तरी घड्या थांबल्या नव्हत्या.

"अगं, सोड ते," फौजदारीण दार लावत म्हणाली. "मला सांग, काय झालं?"

"काय व्हायचंय? साडेआठला खोली लावायला घेतली, नऊला बाहेर आले. गादीची चादर ओढताना वही दिसली. होती तिथंच ठेवली."

"उघडलीस?"

"मला वाचून काय करायचंय? बाईंचं बोट कालच पाहिलं होतं मी, दाराच्या वरच्या चौकटीवरून फिरवत होत्या. म्हटलं, परीक्षक दिसतेय. तुला सांगणार होते, पण वरच्या मजल्यावर पडद्यांच्या नादात राहून गेलं."

ते खरं होतं. साडेनऊपासून दहापर्यंत दोघी हिरव्या खोलीत पडदे चढवत होत्या. शिडीवर फौजदारीण, खाली शिडी धरून मावशी.

"वही गादीखाली आहे, हे आणखी कुणाला बोललीस का?"

"नाही."

"आठव बरं. चहाच्या वेळी, कुणाशी तरी..."

"नाही म्हटलं ना."

मावशीनं हातातला अभ्रा ढिगावर ठेवला. फौजदारिणीनं तो पाहिला. कडा एकमेकींना जुळल्या नव्हत्या. बावीस वर्षांत या बाईच्या हातून अशी घडी पडलेली तिनं पाहिली नव्हती.

मावशी खोटं बोलत होती. आणि नोकरीवर गदा आलेली असताना माणूस खोटं बोलतं ते स्वतःला वाचवण्यासाठी. हिचं खोटं हिलाच बुडवत होतं.

"कुणाला पाठीशी घालतेयस तू?"

"कुणाला घालू?" मावशी उठली. "लिहू दे त्यांना काय लिहायचंय ते. मी सही करते. तू यात पडू नकोस. ऐक माझं."

४

मिस्त्री गच्चीवर पाण्याच्या टाकीशी होता. दिवे, नळ, खिट्या, कुलपं, सगळं हाच बघायचा. माणूस बडबड्या, पण बडबडीत खोट नाही.

"आज राखाडी खोलीत गेला होतात?"

"गेलो तर! खिडकीची खिटी सैल झाली होती. साडेनऊला गेलो, दहा मिनिटांत बाहेर. माझ्यावर संशय आला की काय, ताई? मी वही घेऊन काय करू? मला माझंच अक्षर लागत नाही."

"तुम्ही पलंगाला हात लावलात?"

"तुमच्या पलंगाला? मला जिवाची भीती नाही का? खिटीपर्यंत हात पोचेना म्हणून खुर्चीवर चढलो तेवढाच. तेसुद्धा खुर्चीवरची ती पिवळी उशी आधी बाजूला ठेवली, मग बूट काढले, मग चढलो. खाली उतरून खुर्ची पुसली आणि उशी होती तशी परत खुर्चीवर. नाहीतर तुम्ही माझीच घडी घातली असती."

फौजदारिणीनं त्याला हातानं थांबवलं.

"उशी कुठे होती म्हणालात?"

"खुर्चीवर. खुर्चीवरून उचलली, खुर्चीवर ठेवली."

"पलंगावर नव्हती?"

"ताई, उंची कमी आहे माझी, नजर नाही."

तिला मघाशी काय खटकलं होतं ते आता कळलं. सोमवारच्या नव्या फोटोत मोहरी कुशन खुर्चीत आहे. पलंगावर असलं की पाहुणे ते जमिनीवर भिरकावतात, म्हणून सजावटवाल्या बाईंनी ते तिकडे हलवलं होतं. त्यावरून सोमवारी तिनंच मावशीला दोनदा बजावलं होतं. आज मावशीनं ते बरोबर खुर्चीतच ठेवलं. मिस्त्री बाहेर पडला तेव्हाही ते खुर्चीतच होतं. आणि दहा वाजता बाईंनी दार उघडलं तेव्हा ते पलंगावर होतं.

म्हणजे मधल्या वीस मिनिटांत कुणीतरी आत गेलं, गादी उचलली, पलंग विस्कटला आणि पुन्हा लावला. त्या वीस मिनिटांत मावशी तिच्याच शिडीला धरून उभी होती. मावशी सुटली! फौजदारिणीला इतका आनंद झाला की तिनं मिस्त्रीच्या पाठीवर थाप मारली.

"आणखी एक. घडीमावशी आज सकाळी त्या वहीबद्दल कुणाशी काही बोलली?"

"बोलली की. सव्वानऊला चहाला बसलो होतो पँट्रीत. म्हणाली, राखाडी खोलीतली बाई परीक्षक दिसते, गादीखाली वही ठेवते. आम्ही हसलो."

"आम्ही म्हणजे कोण कोण?"

"मी, मावशी," मिस्त्री पान्हा पुसत म्हणाला, "आणि तुमची लेक. ती कुठली हसतेय म्हणा. चहा अर्धा टाकून गेली. मी राखाडीची किल्लीसुद्धा नंतर तिच्याकडेच तर दिली."

५

गच्चीवरून तळघरापर्यंत पाच जिने होते. ते उतरताना फौजदारिणीनं लेकीला वाचवण्यासाठी जेवढं डोकं चालवता येतं तेवढं चालवलं.

मिस्त्री? त्याला पलंग लावता येत नाही. घरी तो गोणपाटावर झोपतो असं त्याची बायको सांगायची. मॅनेजर? कुशन हलवण्याच्या कागदावर त्यानंच सही केली होती, आणि चादर खोचणं दूरच, त्याचा टायसुद्धा बायको बांधून देते. बाकीच्या दोन कामकरी बायका? सोमवारपासून राखाडी खोलीत त्या रोज मावशीच्या मदतीला होत्या, नवा फोटो त्यांना पाठ होता. शिवाय सकाळभर त्या लाल खोलीत होत्या.

आत गेलेल्या माणसाला पलंग निर्दोष लावता येत होता, आणि सोमवारी झालेला बदल मात्र ठाऊक नव्हता. म्हणजे पूर्वी खोल्या लावणारं, आता न लावणारं कुणीतरी. जुना फोटो ज्याच्या हातात बसलाय असं. आणि राखाडीची किल्ली ज्याच्या टेबलावर होती असं.

लेकीनं चार वर्षं खोल्या लावल्या होत्या. आईच्या हाताखाली, आईची बोलणी खात. पाच महिन्यांपूर्वी ती स्वागताच्या टेबलावर गेली, तेव्हा फौजदारीण पँट्रीत जाऊन रडली होती. आता समुद्रापलीकडे हॉटेलची नवी शाखा निघत होती आणि तिथं स्वागतप्रमुख म्हणून याच पोरीचं नाव पुढे होतं. या महिन्याअखेर ठरायचं होतं. आपली मुलगी जन्मभर ट्रॉली ढकलणार नाही, यापलीकडे फौजदारिणीला या जगाकडून काही नको होतं.

आणि राखाडीतल्या बाई आल्या तेव्हा पाऊण तास त्यांना कुणी उभं केलं होतं? झिजलेल्या बुटांकडे बघून झुळझुळीत जोडप्याला आधी खोली कुणी दिली होती? मघाशी बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. दुसऱ्या कुणाची लेक त्या टेबलावर असती तर फौजदारिणीनं ते तिथल्या तिथं टिपलं असतं. चौकशीत तिचा हात कुणी धरू शकत नसे, पण घरच्या माणसावर संशय घ्यायला डोळे तयारच झाले नव्हते.

अजून एक जागा उरली होती. ती राखाडी खोलीत परत गेली. बाई खाली चहा घेत होत्या. पायथ्याचा उजवा कोपरा त्यांनी उचकटला होता, पण डावा कुणी सोडला नव्हता. फौजदारीण गुडघ्यांवर बसली. तिच्या हाताखालच्या सगळ्या बायका चादरीची दुमड एकाच बाजूला घालतात. तिनंच शिकवलेली पद्धत. एकटी लेक डावखुरी. तिची दुमड उलटी पडते. कितीदा ओरडली होती ती यावरून, शेवटी कंटाळून म्हणाली होती, जाऊ दे, घट्ट बसतेय ना.

सरळ असू दे, ती मनात म्हणत होती. एवढी एक दुमड सरळ असू दे.

दुमड उलटी होती. आणि घट्ट, अगदी शिकवल्यासारखी. चोरी करायला गेलेल्या पोरीला पलंग विस्कटलेला सोडवला नव्हता. आईचं वळण.

घड्याळात सव्वाअकरा झाले होते. फौजदारिणीनं दुमड ओढून सोडवली आणि सरळ करून परत खोचली. मग कुशन उचललं आणि खुर्चीत ठेवलं.

६

साडेअकराला मॅनेजरच्या खोलीत तिघं होते. मावशी उभी, हात पुढे बांधून. मॅनेजरनं कागद वाचून दाखवला. निष्काळजीपणा, अप्रामाणिकपणा, स्वखुशीनं राजीनामा.

"काही सापडलं, ताई?" त्यानं विचारलं.

वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. साहेब, मिस्त्री गेल्यावर कुणीतरी खोलीत गेलं होतं, आणि तेव्हा ही माझ्यासोबत होती. एवढंच म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण त्यानं पुढे विचारलं असतं, मग कोण? आपलेच दात आणि आपलेच ओठ. चावून रक्त काढायचं तरी कुणाचं?

"नाही," ती म्हणाली.

मावशीनं सही केली. मग पेन सावकाश फौजदारिणीपुढे धरलं. पेन देताना मावशीनं तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि ती नजर फौजदारिणीला वाचता आली नाही. तिनं सही केली.

मावशी कपडे बदलायला मागे गेली. फौजदारीण चालत चालत स्वागताच्या टेबलाशी आली. लेक उभी होती. केस चापून बांधलेले, गळ्यात नाजूक रुमाल, चेहऱ्यावर ते शिकवलेलं हसू.

"झालं का गं, आई?"

"झालं."

"बरं झालं बाई." लेकीनं सुस्कारा सोडला. किल्ल्यांच्या फळीकडे वळून ती एक किल्ली नीट करू लागली. "मला तर आधीपासूनच वाटत होतं. इतकी वर्षं घरच्यासारखं वागवलं आपण. शेवटी असल्या माणसांचा काय भरवसा?"

फौजदारीण उभी होती तिथंच उभी राहिली. चोरी तिनं गिळली होती. भीतीनं केली, पोरवय आहे, पुढचं आयुष्य आहे, असं काय काय मनाशी बोलून ती इथवर आली होती. ज्या हातांनी तुला भरवलं त्या हातांना तू 'असली माणसं' म्हणालीस, हे मात्र घशाखाली उतरेना.

"आपण म्हणजे कोण गं?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

जिन्यावरून बाई येत होत्या. हातात बॅग, दुसऱ्या हातात पितळी किल्ली. त्यांच्यामागे मॅनेजर, चेहऱ्यावर काम फत्ते झाल्याची लकाकी.

"बाई," फौजदारीण म्हणाली. आवाज इतका मोठा निघाला की दाराशी उभा असलेला दरवानही वळला. "तुमची वही माझ्या मुलीनं घेतली."

"आई!"

"मिस्त्री नऊ चाळीसला बाहेर पडला तेव्हा मोहरी कुशन खुर्चीत होतं. तुम्ही आलात तेव्हा पलंगावर. ते पलंगावर असायचं गेल्या सोमवारपर्यंत. त्यानंतर खोलीत न गेलेली, पण पलंग लावता येणारी, आणि तुमची किल्ली हातात असलेली या इमारतीत एकच आहे. चादरीची दुमडही हिचीच होती, उलटी. ती मी सरळ केली. आज चहाच्या वेळी हिला कळलं की तुम्ही परीक्षक आहात. आल्या दिवशी तुम्हाला ताटकळत हिनंच ठेवलं होतं." ती लेकीकडे वळली. "काढ."

लेकीनं एकदा मॅनेजरकडे पाहिलं, एकदा आईकडे. मग खाली वाकून रजिस्टरच्या खालचा खण उघडला. काळी वही तिनं टेबलावर ठेवली. डाव्या हातानं.

बाईंनी पानं चाळली. "एक पान फाडलंय. फाडायची गरज नव्हती. मला पाठ आहे ते. 'टेबलावरची मुलगी हुशार आहे, पण माणूस बुटांवरून ओळखते.' एवढंच होतं. यावरून कुणाचं काही अडत नाही. आम्ही शिकवा म्हणून सांगतो, काढा म्हणून नाही."

लेक रडायला लागली. आई तिच्याजवळ गेली नाही.

"तुम्हाला हे कधी कळलं?" बाईंनी फौजदारिणीला विचारलं.

फौजदारिणीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"कधी?"

"सव्वाअकराला."

"आणि राजीनाम्यावर सही?"

"साडेअकराला."

बाईंनी वही उघडली आणि उभ्या उभ्याच काहीतरी लिहिलं. काय ते दाखवलं नाही. किल्ली टेबलावर ठेवून त्या निघून गेल्या.

मॅनेजर लेकीला म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस." मग फौजदारिणीला म्हणाला, "तो कागद मी फाडतो. मावशीला परत बोलवा. आणि हे इथंच राहू दे, बाहेर वाच्यता नको." एवढं बोलून त्यानं घड्याळ पाहिलं.

७

फौजदारीण मागच्या दारानं धावतच बाहेर पडली. अंगावर गणवेश, पायात आतल्याच सपाता. घडीमावशी कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर उभी होती. पिशवीत तिची बावीस वर्षं मावली होती, आणि पिशवी भरलीही नव्हती.

"चल," फौजदारीण धापा टाकत म्हणाली. "मी सांगितलं सगळं. वही मिळाली. कागद फाडलाय त्यानं. चल परत."

मावशीनं विचारलं, "पोरीचं काय केलं?"

"काढलं."

मावशीचे डोळे भरून आले. "कशाला सांगितलंत? माझी तीन वर्षं उरली होती. तिचं सगळंच उरलंय."

"तुला ठाऊक होतं?"

"चहा टाकून गेली तेव्हा नव्हतं. बाईंची वही गेली म्हटल्यावर कळलं."

"मग तू माझ्यासाठीच गप्प बसलीस. मावशी, मी..." तिनं मावशीच्या पिशवीकडे हात नेला. "चल ना. तुझ्या पाया पडते."

"पाया नका पडू." मावशीनं पदरानं तोंड पुसलं. रस्त्याच्या टोकाला बस वळताना दिसत होती. "मी गप्प बसले ते पोरीसाठी. माझ्या मनानं बसले, त्याचं मला काही नाही. पण कागद तुमच्यापुढे आला तेव्हा मला वाटलं होतं, तुम्ही सही करणार नाही."

बस येऊन थांबली, दार उघडलं.

"पेन मी मुद्दाम हळू दिलं होतं," मावशी म्हणाली, आणि चढली.

बस भरलेली नव्हती. फौजदारीण थांब्यावरून खिडक्यांमधून बघत राहिली, हात हलवायला तिनं उचललाही. मावशी पलीकडच्या बाजूला, थांब्याकडे पाठ येईल अशी बसली होती.